मध्यस्थाने उठावं का?

फ्यूज उडाला की आपल्याकडे ‘का उडाला’ असं कुणी विचारत नाही. ‘तार आहे का घरात’ असं विचारतात. चिनी मातीचा कटआउट ओढायचा, जळकी तार झटकायची आणि नवी जरा जाडच बसवायची, म्हणजे पुन्हा कटकट नको. या संस्कारात वाढलेला माणूस हॅम, म्हणजे हौशी रेडिओ चालवणाऱ्या मंडळींच्या बैठकीत सापडला, तर त्याची पंचाईत होते. ही माणसं एका फ्यूजवरून तासन्‌तास भांडतात, आणि तेही तो किती अँपिअरचा असावा यावरून नव्हे, मुळात असावा का यावरून.

भांडणाचं मूळ ग्रिडमध्ये आहे. १९०६ साली ली डी फॉरेस्टने व्हॉल्व्हमध्ये हा तिसरा भिडू घातला: तापलेल्या कॅथोडकडून प्लेटकडे निघालेल्या इलेक्ट्रॉनांना कधी अडवणारा, कधी सोडणारा. हॅमच्या मोठ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये बहुधा ग्रिडला सरळ जमिनीशी बांधतात आणि सिग्नल कॅथोडला देतात. असा बांधलेला ग्रिड आत येणारं आणि बाहेर जाणारं यांच्यामध्ये पडदा धरतो. बाहेरचा जोर मागल्या दाराने आत शिरत नाही, आणि व्हॉल्व्ह स्वतःच गुणगुणायला लागत नाही (निदान सहजासहजी). थोडक्यात, ग्रिड म्हणजे लग्न जमवणारा मध्यस्थ. दोन्ही पक्षांच्या मधोमध, बूड घट्ट टेकून बसलेला, स्वतःचं मत नसलेला.

हॅमच्या लाडक्या ३-५००झेड या व्हॉल्व्हला खाली पाच पिना असतात. दोन फिलामेंटच्या (इथे तेच कॅथोड), उरलेल्या तिन्ही एकट्या ग्रिडच्या. जमिनीपर्यंतची वाट जितकी आखूड आणि रुंद, तितका पडदा पक्का. व्हीएचएफसारख्या उंच फ्रिक्वेन्सीवर इंचभर तारसुद्धा अडथळा ठरते. प्लेट ५०० वॅटची उष्णता सोसते, लाल होते तरी कुरकुरत नाही. ग्रिडची सहनशक्ती मात्र २० वॅट. अँटेनाची जुळवणी बिघडली, किंवा प्लेटचा व्होल्टेज गायब असताना कुणी माइकवर हाळी दिली, की सगळे इलेक्ट्रॉन या बिचाऱ्याच्या अंगावर.

मग कनवाळू लोक म्हणाले, ग्रिड आणि जमीन यांच्यामध्ये बारीकसा फ्यूज टाका, नाहीतर अर्ध्या वॅटचा वीस-तीस ओहमचा रेझिस्टर. प्रवाह वाढला की तो जळेल, व्हॉल्व्ह वाचेल. अमेरिकेच्या हीथकिट कंपनीच्या एसबी-२२० या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये तर ग्रिड थेट चॅसीला बांधलेलेच नाहीत, चोक आणि कपॅसिटरमधून नेले आहेत. त्यामुळे तो संच उघडला की दोन्ही पंथांच्या हातांना खाज सुटते.

दुसऱ्या पंथाचा सवाल साधा आहे: मध्यस्थ नेमका भांडण पेटल्यावर उठून गेला तर? प्लेटवर ३,००० व्होल्टच्या आसपास दाब असतो. व्हॉल्व्हच्या आत ठिणगी पडून ती ग्रिडपर्यंत पोचली आणि त्याच घटकेला फ्यूज गेला, तर तो दाब जमिनीत उतरणार कसा? तो कॅथोडकडे वळू शकतो, आणि कॅथोडच्या पलीकडे सिग्नल देणारा आपला ट्रान्सीव्हर बसलेला असतो. शिवाय साधा काचेचा फ्यूज २५० व्होल्टचा. तो जळाला तरी दोन टोकांत ठिणगी नाचत राहू शकते. आपल्या घरची ५० सायकलची वीज सेकंदाला १०० वेळा शून्यावर येते, ठिणगीला विझायची सवड मिळते. प्लेटवरची डीसी कुठली शून्यावर यायला!

माझा कौल या दुसऱ्या पंथाला. ग्रिडला जमिनीवरून हलवू नये. राखण करायची ती प्लेटच्या वाटेवर. तिथे १० ओहमचा दणकट रेझिस्टर घातला, तरी ३,००० व्होल्टचा तडाखा ३०० अँपिअरपुढे जाऊ शकत नाही. ५० ओहमचा घातला तर ६०. जोडीला मायक्रोवेव्ह ओव्हनमधला उच्च दाबाचा फ्यूज. आणि ग्रिडचा प्रवाह मर्यादेबाहेर गेला की रिले संच स्टँडबायवर टाकतो, कुणालाही जळावं लागत नाही.

हे सगळं मी आमच्या एका हॅम काकांना समजावून सांगितलं. त्यांनी मन लावून ऐकलं, मध्ये दोन शंकाही काढल्या. मग म्हणाले, “पटलं रे. पण बारका फ्यूज मी एक ठेवतोच ग्रिडला. व्हॉल्व्हसाठी नाही, त्याशिवाय मला झोप येत नाही.”