ठिणगीला सोवळे कशाला?
निकोला टेस्लाने 1891 मध्ये टेस्ला कॉइल बांधली ती बिनतारी दिवे लावण्याच्या ध्यासाने. आजचा हौशी मालक ती घरी सुरू करतो तेव्हा शेजारचा रेडिओ खरखरतो आणि खोलीत ओझोनचा उग्र वास भरतो. उपयोग काय, असे विचारले की उत्तर तयार: ‘उच्च वारंवारतेचा झटका लागत नाही!’ विचारले होते वेगळेच, पण असो. झटका जाणवला नाही तरी कातडी भाजतेच. शिवाय कॉइलच्या प्राथमिक बाजूला बहुधा निऑन पाट्यांचा हजारो व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर असतो, त्याची वारंवारता साधी घरगुती 50 हर्ट्झ; तिथे ते उत्तर लागू पडत नाही. बटण बंद केल्यावरही कपॅसिटर भारलेला राहू शकतो. ठिणग्या देखण्या असतात, मान्य. हौसेला तेवढे कारण पुरते. विज्ञानप्रसाराचे सोवळे नेसू नये. आणि पेसमेकर बसवलेल्या पाहुण्यांना कॉइल चालवाल त्या दिवशी मुळीच बोलावू नका.