चार डाइव्हचं कार्ड

बालीची तिकिटं निघाली की ओळखीतून कुणाचा तरी फोन येतो. "सात दिवस आहोत. दोन दिवसांत ते बुडालेल्या जहाजाचं सर्टिफिकेट उरकता येईल ना? स्कूबा केलंय आम्ही, मालवणला." तिथेच मी थांबवतो. मालवणला प्रशिक्षकाने तुम्हाला धरून खाली नेलं, मासे दाखवले, वर आणलं. अनुभव सुंदर आहे, पण ते प्रशिक्षण नव्हे. आणि 'उरकणे' हा शब्द घेऊन पाण्यात उतरूच नका.

कार्ड मात्र मिळेल. पॅडी या डायव्हिंग प्रशिक्षण संस्थेच्या ओपन वॉटर कोर्सला खुल्या पाण्यातल्या चार डाइव्ह, अ‍ॅडव्हान्स्डला पाच, रेक (म्हणजे बुडालेलं जहाज) डायव्हरला चार. जेमतेम तेरा डाइव्ह झालेला माणूस 'रेक डायव्हर' म्हणून हिंडू शकतो. अ‍ॅडव्हान्स्ड हे नाव तर सरळसरळ फसवं आहे. पाच डाइव्हमध्ये कुणी प्रगत होत नाही; तिथे खोल पाण्याची वगैरे फक्त तोंडओळख होते.

मी रेकचा कोर्स केला तो बालीच्या ईशान्य किनाऱ्यावर, तुलांबेनला. तिथलं 'लिबर्टी' १९१८ साली अमेरिकेत बांधलेलं मालवाहू जहाज. ११ जानेवारी १९४२ रोजी लोंबोक सामुद्रधुनीजवळ जपानी पाणबुडीने त्यावर टॉर्पेडो मारला. दोन युद्धनौकांनी ते ओढत सिंगाराजाकडे न्यायचा प्रयत्न केला, पण पाणी फार शिरलं आणि शेवटी ते तुलांबेनच्या किनाऱ्यावर चढवावं लागलं. एकवीस वर्षं तिथेच पडून होतं. १९६३ मध्ये आगुंग ज्वालामुखी फुटला आणि त्या हादऱ्यांनी जहाज घसरून पाण्यात गेलं. आज ते किनाऱ्यापासून हाकेच्या अंतरावर, साधारण ५ ते ३० मीटर खोलीवर आहे. बोट लागत नाही. काळ्या गोट्यांवरून चालत पाण्यात शिरायचं. गावातल्या बायका भरलेल्या टाक्या डोक्यावरून वाहून आणतात. मी दोन्ही हात मोकळे असूनही त्या गोट्यांवर तोल सावरत होतो.

इतकं सोपं दिसतं, म्हणूनच माणसं चुकतात. सांगाडा फुटलेला आहे, जागोजागी भगदाडं आहेत आणि प्रत्येक भगदाडातून पलीकडचा निळा उजेड दिसतो. आत जावंसं वाटतंच. पण रेकच्या कोर्समध्येही आत जाण्याला मर्यादा आहे: बाहेरचा उजेड दिसतो तिथवरच, आणि पृष्ठभागापासून खोली अधिक आतलं अंतर मिळून ४० मीटर. म्हणजे २५ मीटर खोलीवरच्या दारातून फक्त १५ मीटर आत. अ‍ॅडव्हान्स्डमधल्या एका रेक डाइव्हवर तर आत पाऊल टाकायचीही परवानगी नाही. ती बाहेरून बघायची डाइव्ह.

हे नियम कागदी वाटत असतील तर गणित करा. १२ लिटरची टाकी, २०० बारचा दाब: २४०० लिटर हवा. नियम तिसऱ्या हिश्श्याचा: एक हिस्सा जायला, एक परतायला, एक राखीव. जायला उरले ८०० लिटर. पृष्ठभागावर मिनिटाला २० लिटर हवा लागणाऱ्या माणसाला ३० मीटरवर, चौपट दाबाखाली, ८० लिटर लागते. ८०० भागिले ८०. दहा मिनिटं! त्यात किनाऱ्यापासून खाली पोचण्याचा वेळही आला. घाबरलात की श्वास वाढतो आणि ती दहाची सहा होतात.

शिवाय गाळ. पोहताना सायकल मारल्यासारखे पाय हलवणाऱ्याने बंद जागेत फिन्स दोनदा झटकल्या तरी स्वतःचा हात दिसेनासा होतो. मग दोरी हातात असेल तरच दार सापडतं. माझ्या प्रशिक्षकाने पाण्यात नेण्याआधी मला किनाऱ्यावर उभं केलं, हातात रील दिली, झाडाझाडांमधून दोरी बांधायला लावली आणि डोळे मिटून ती चाचपत परत यायला लावलं. चार वेळा. आजूबाजूचे पर्यटक बघत होते. मला लाज नव्हे, राग आला होता. एका डाइव्हची वेळ गेली म्हणून. आज त्या माणसाबद्दल फक्त कृतज्ञता आहे. बॉयन्सी, म्हणजे पाण्यात एका पातळीवर स्थिर तरंगणं, नीट जमेपर्यंत त्याने मला भगदाडाच्या उंबऱ्याबाहेरच ठेवलं.

म्हणून फी विचारण्याआधी हे विचारा: जमिनीवर दोरीचा सराव घेणार का? एका प्रशिक्षकामागे किती जण? तयारी नाही असं दिसलं तर कार्ड नाकारणार का? तिसऱ्या प्रश्नावर जो हसेल, त्याच्याकडे जाऊ नका.

विम्यात स्कूबा आहे का, किती मीटरपर्यंत, हे घरीच वाचा. सलग डाइव्ह केल्यावर विमानाआधी किमान १८ तास ठेवा. आणि डाइव्ह संपल्या संपल्या गाडी किंतामणीच्या डोंगरावर नेऊ नका. उंचीवर हवेचा दाब कमी होतो आणि शरीरात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात. ड्रायव्हरला हे ठाऊक नसेल. तुम्हाला असायला हवं.

हे सगळं आता बालीपुरतं राहणार नाही. नौदलातून निवृत्त झालेलं 'गुलदार' हे जहाज सिंधुदुर्गात निवतीच्या समुद्रात बुडवून पाण्याखालचं संग्रहालय करायची योजना पर्यटन महामंडळाने आखली. मला तिचा मनापासून आनंद आहे. तारकर्लीला महामंडळाचं प्रशिक्षण केंद्र आहेच. फक्त मालवणसारखं हाताला धरून एकामागून एक आत नेण्याचा धंदा तिथे होऊ देऊ नका. पहिल्या तुकडीला आधी निवतीच्या वाळूत उभं करा, हातात रील द्या, डोळे मिटायला लावा. चार वेळा.