बोर्डावर तोच भाव

वहिनींनी सकाळी सव्वासातलाच कुंपणावरून हाक मारली. आमच्या दोन घरांमधलं कुंपण म्हणजे छातीएवढी भिंत. तिच्यावर त्यांच्या शेवग्याची एक फांदी आणि आमच्या मांजराची कायमची बैठक. निगडी प्राधिकरणातल्या या ओळीत गेट प्रत्येकाला आहे, पण गेटातून फक्त कुरियरवाला बोलतो. बाकी सगळा कारभार भिंतीवरून.

"ताई, रात्री आमचे हे साडेदहाला जाऊन टाकी फुल्ल करून आले. टीव्हीवर म्हणायले होते ना, पेट्रोलवर दोन रुपये वाढले म्हणून! पाऊण तास रांगेत. अन् आज सकाळी सहा वाजले तरी बोर्डावर तोच भाव. आता ह्याला काय म्हणावं?"

तारीख ८ एप्रिल २०२५, मंगळवार. आदल्या दिवशी केंद्रानं उत्पादन शुल्क लिटरमागे दोन रुपयांनी वाढवलं, त्याच संध्याकाळी सिलिंडरही पन्नास रुपयांनी चढवला. सिलिंडरचे पन्नास वहिनींना लगेच कळले, कारण त्या डबे करतात. (सिलिंडर घरगुती की कमर्शियल, ते मी विचारत नाही. शेजारधर्म.) पण पेट्रोलचे दोन रुपये कुठं गेले, हे काही केल्या सापडेना.

"तेल कंपन्यांनी सोसले म्हणे," मी पेपरात वाचलेलं सांगितलं.

"कंपन्या? सोसल्या?" वहिनींच्या हातातली कोथिंबीर तशीच राहिली. सासूनं सुनेची बाजू घेतली असं कोणी सांगावं, तसा चेहरा.

एवढ्यात पलीकडचे नाना आले. नानांची उभी हयात आकुर्डीच्या स्कूटर कारखान्यात गेली. रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण सायरनच्या वेळेला अजून घड्याळ बघतात. हातात पेपर, कानावर पेन. दुसऱ्याच्या गप्पांत कुठून शिरायचं हे त्यांना बरोबर कळतं.

"सोसले नाहीत पोरी. उतरायला हवे होते, ते उतरले नाहीत. हे बघ." पेपरच्या कडेला त्यांचा हिशोब तयार होता. कच्च्या तेलाचं पिंप सध्या ६५ डॉलरच्या आसपास, डॉलर ८६ रुपये, पिंपात १५९ लिटर. "म्हणजे लिटरला पडले ३५ रुपये. आता २०१४ चा जून घे. पिंप ११० डॉलरच्या जवळपास, डॉलर साठाला. लिटरला ४१. म्हणजे तेव्हा कच्चं तेल महाग होतं, अन् पंपावर पेट्रोल ऐंशीच्या घरात होतं. आज कच्चं तेल स्वस्त हाय आणि पंपावर १०४."

"मग मधले कुठं गेले?" आम्ही दोघी एकदमच.

मधले कुठं गेले याचा हिशोब नानांनी जसा मांडला तसा देते. १०४ मधले ५३ च्या आसपास कच्चं तेल आणणं, शुद्ध करणं, वाहून आणणं आणि कंपनीची कमाई यांचे. केंद्राचं उत्पादन शुल्क आता २१ रुपये ९० पैसे. २०१४ च्या जूनमध्ये तेच साडेनऊच्या आत होतं. पंपवाल्याला चार-साडेचार. आणि राज्याचा व्हॅट २५ टक्के, वर ठोक ५ रुपये १२ पैसे. असे राज्याचेही जवळजवळ पंचवीस. गंमत म्हणजे व्हॅट लागतो तो केंद्राचं शुल्क मिळवून झालेल्या रकमेवर. करावर कर. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात ते हेच. मसाला दोघं मिळून वाटतात एवढंच.

"ते पाच रुपये बारा पैसे कशाचे हो?" वहिनींना बारा पैसे फार बोचले. भाजीवाल्याशी त्या रुपयासाठी भांडतात, बारा पैसे म्हणजे तर अपमानच.

"साठत आलेत. २०१५ ला दुष्काळासाठी म्हणून दोन रुपये लावलेले आठवतंय का? पाऊस आला, पण ते गेले नाहीत."

वहिनी माहेरच्या परभणीच्या. दुष्काळाचं नाव निघालं की पदर खोचतात. "आमच्या दुष्काळाचे पैसे तुमच्याकडून घेतले, बरं झालं. पण आम्हाला तरी काय मिळालं? परभणीत पेट्रोल तुमच्याहून दोन-तीन रुपये जास्तच. २०२१ मधे शंभरी गाठली तेव्हा आमचंच नाव पेपरात. माझा भाऊ म्हणे, परभणी पहिल्यांदा राज्यात पहिली आली."

त्याचं कारण साधं आहे. परभणीला टँकर येतो मनमाडच्या डेपोतून, तीनशेहून जास्त किलोमीटर. आपल्याला लोणी काळभोर जवळ, आणि तिथं मुंबईहून तेल पाइपलाइननं येतं. टँकरचं भाडं वाचतं ते भावात दिसतं. तेवढं एक आपलं नशीब.

मला मात्र वेगळाच प्रश्न पडला होता. २०१७ च्या १६ जूनपासून देशभर रोज सकाळी सहाला नवा भाव लागणार, असं ठरलं होतं. जगात तेल वाढलं की इथं वाढणार, तिथं उतरलं की इथं उतरणार. मग हा बोर्ड पैशांत इकडेतिकडे सरकण्यापलीकडे वर्षानुवर्षं हलत का नाही?

"हलतो की," नाना म्हणाले, "मुहूर्त बघून हलतो."

मग २०२२ ची उजळणी झाली. आदल्या दिवाळीपासून १३७ दिवस भाव गप्प. युद्ध सुरू झालं, तेल शंभर डॉलरच्या वर गेलं, तरी गप्प. उत्तर प्रदेशासह पाच राज्यांचे निकाल लागले आणि २२ मार्चपासून सोळा दिवसांत चौदा वेळा वाढ. बहुतेक वेळा ८० पैसे. एकूण दहा रुपये. वहिनींना ते दिवस पक्के आठवतात, कारण डबे पोचवणारा पोरगा रोज सकाळी "काकू, ऐंशी" एवढंच म्हणून डबे उचलायचा. मग मे महिन्यात केंद्रानं आठ उतरवले, जुलैत राज्यानं पाच. पुढं एकदम २०२४ च्या १५ मार्चला दोन रुपये कमी झाले, आणि १६ ला लोकसभेच्या तारखा जाहीर झाल्या. योगायोगावर माझा विश्वास आहे, पण इतका वक्तशीर योगायोग आमच्या घरी दूधवाल्यालाही जमत नाही.

एक गोष्ट मात्र नानांना मान्य करावी लागली. २०२२ मध्ये भाव गोठवले तेव्हा तिन्ही सरकारी कंपन्यांना खरंच तोटा झाला होता. "पण मग २०२३-२४ ला तिघींनी मिळून ८१ हजार कोटींच्या आसपास नफा केला, ते पण सांग," त्यांनी मलाच सुनावलं, जणू कंपनी माझ्या माहेरची. काल वाढलेले दोन रुपये त्या नफ्यातूनच निघणार आणि दिल्लीच्या तिजोरीत जाणार. आणखी एक: या २१.९० मधला मूळ शुल्काचा भाग फक्त १ रुपया ४० पैसे, आणि राज्यांना वाटा मिळतो तो तेवढ्यातूनच. बाकीचे उपकर आणि अधिभार, ते पूर्ण केंद्राचे. एवढं ऐकल्यावर वहिनींना राज्य सरकारची अचानक दया आली. ती पंचवीस रुपये आठवेपर्यंत टिकली.

"आणि आता ते इथेनॉल," मी विषय पुढं ढकलला.

हा विषय वहिनींसमोर जपून काढावा लागतो. भावाचा ऊस आहे. उसाच्या रसाच्या इथेनॉलला कंपन्या लिटरमागे ६५ रुपये ६१ पैसे देतात, म्हणजे कर लागण्याआधीच्या पेट्रोलहून महाग. पेट्रोलमध्ये ते वीस टक्के. बाहेरचं तेल तेवढं कमी आणावं लागतं हे खरं, पण इथेनॉलमध्ये उष्णता पेट्रोलच्या तिसऱ्या हिश्श्यानं कमी. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच जुन्या दुचाकींचं ॲव्हरेज तीन-चार टक्क्यांनी पडेल असं लिहिलंय. वहिनींच्या यजमानांची बाईक जुनी. "एका हातानं भावाला मिळायलंय, दुसऱ्या हातानं नवऱ्याचं जायलंय," त्या म्हणाल्या आणि क्षणभर खरोखर हिशोबात पडल्या. "जाऊ द्या, राखीला वसूल करते."

पण खरा हिशोब त्यांच्याकडेच निघाला. डब्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर त्या यजमानांचं पेट्रोल लिहितात. ते चाकणला एका व्हेंडरकडे असतात. मोठ्या कारखान्यांच्या बस निगडीतून सुटतात, व्हेंडरच्या पोरांनी आपापलं बघायचं. इथून स्पाइन रोड, मोशी, कुरुळी करत चाकण बावीस किलोमीटर. जाऊन-येऊन चव्वेचाळीस, महिन्याचे सव्वीस दिवस.

"आधी बावीस लिटरमधे भागायचं. आता पंचवीस-सव्वीस. गाडी तीच, माणूस तोच. मोशीपासून पुढं कंटेनरच्या मागं उभं राहायचं, चाकणच्या तळेगाव चौकात उभं राहायचं. इंजिन चालूच. पेट्रोल दोन रुपयांनी उतरलं तर माझे पन्नास वाचतील. रस्ता सुटला तर तीनशे वाचतील. पण रस्त्याचा बोर्ड कुठं लावतात हो?"

नाना एकदम गप्प झाले. हा आकडा त्यांच्या पेपरात नव्हता. वरून पूल होणार, हे आपण सगळेच इतकी वर्षं ऐकतोय की तो झाल्यासारखाच वाटतो.

गप्प बसणं नानांना फार वेळ जमत नाही. "सीएनजी घ्यायला सांग. आमच्या कंपनीनं जगातली पहिली सीएनजी मोटारसायकल काढली, गेल्या जुलैत. दोन किलो गॅस, दोन लिटर पेट्रोल." 'आमच्या कंपनीनं' म्हणताना त्यांची मान अजून ताठ होते. मी म्हटलं, नाना, २०२२ च्या एप्रिलमध्ये राज्यानं सीएनजीवरचा व्हॅट साडेतेरावरून तीन टक्के केला, लोक पेढे वाटायचे बाकी होते. मग भावच असा चढत गेला की सवलत कुठं विरली ते कळलं नाही. शिवाय पंपावरची रांग! आमचे हे गॅस भरायला जाताना घरून चहा पिऊन, पेपर घेऊन जातात.

"आमच्या वेळी बरं होतं," नाना म्हणाले. "चेतक बंद पडली की एका अंगाला कलती करायची, दोन किका मारायच्या, की पंपापर्यंत पोचायची. आता सरकारला कलतं करून बघा, काही पडतंय का."

तेवढ्यात डब्यांचा पोरगा आला. हेल्मेट न काढताच गेटातून आत, पिशव्या हँडलला अडकवल्या आणि जरा घुटमळला.

"काकू, पुढच्या महिन्यापासून डब्यामागं दोन रुपये वाढवा ना. पेट्रोल परवडत नाही."

वहिनींनी पदर सावरला. मघाशी कंपन्यांवर तापलेल्या त्याच वहिनी. "पेट्रोल कुठं वाढलंय रे? सकाळीच बघितलं. बोर्डावर तोच भाव आहे!"

नाना पेपरमागं तोंड लपवून हसायला लागले. मी मांजराकडे बघत राहिले.

"काकू, भोसरीत तीन डबे पोचवायला आता तास लागतो," पोरगा म्हणाला.

वहिनींनी एकदा नानांच्या पेपरकडे बघितलं, एकदा आपल्या वहीकडे. मग शेवग्याच्या फांदीला हात घातला.

"एक रुपया. अन् ह्या शेंगा घेऊन जा आईला. पुढचं गॅस उतरल्यावर बघू."