गाढवांचा शुक्रवार

शुक्रवारी सकाळी लेकीच्या मँचेस्टरच्या घरात आमच्या हिने मेथीच्या दशम्या बांधल्या, लोणच्याची बाटली प्लॅस्टिकच्या तीन पिशव्यांत गुंडाळली आणि विचारलं, ‘‘अहो, त्या गावाचं नाव काय म्हणालात?’’

‘‘ब्लॅकपूल.’’

‘‘म्हणजे?’’

‘‘काळं डबकं.’’

तिने बाटलीला चौथी पिशवी घातली.

नावात लबाडी काही नाही. पूर्वी तिथे दलदलीतून एक ओढा वाहत यायचा आणि कुजक्या मातीचा काळा रंग घेऊन समुद्राला मिळायचा. त्यावरून नाव पडलं. आपल्याकडे एखाद्या बिल्डरने ते कधीच पुसून ‘नीलसागर’ केलं असतं. इंग्रजांनी नाव तसंच ठेवलं आणि १८४६ साली त्या डबक्यापर्यंत रेल्वे नेली. तेव्हापासून इंग्लंडच्या उत्तरेकडची माणसं मुलंबाळं, छत्र्या आणि सँडविचं घेऊन तिथे मजा करायला जातात.

मला तिथे जायचं होतं ते वेगळ्याच कारणासाठी. वडील लालबागच्या एका गिरणीत साचाखात्यात होते. त्यांचा डबा द्यायला गेलो की साच्याच्या लोखंडी अंगावर उठावाची अक्षरं दिसायची : प्लॅट ब्रदर्स, ओल्डहॅम. इंग्रजी वाचायला मी शाळेपेक्षा तिथेच शिकलो. ‘ओल्ड’ म्हणजे जुना एवढं कळलं होतं. ‘हॅम’ म्हणजे काय ते विचारल्यावर गुरुजींनी विषय बदलला. तर ते ओल्डहॅम लेकीच्या घरापासून बसच्या अंतरावर निघालं. आणि ओल्डहॅमचे गिरणी कामगार सुट्टीला जायचे ते ब्लॅकपूललाच.

ती सुट्टीही काय थाटाची! तिला ‘वेक्स वीक’ म्हणत. लँकेशायरच्या एकेका गावातल्या झाडून साऱ्या गिरण्या उन्हाळ्यात एकेक आठवडा बंद राहायच्या. या आठवड्यात हे गाव, पुढच्या आठवड्यात ते. तेवढ्यात बॉयलर साफ करून घ्यायचे आणि कामगारांना समुद्राकडे सोडायचं. वर्षभर पैसे साठवायला गिरणीत, गल्लीत भिशीसारखे क्लब असत. त्या आठवड्यात अख्खं गाव ओस पडायचं आणि अख्खं गाव ब्लॅकपूलला उतरायचं. त्यामुळे घरी ज्या शेजाऱ्याशी भिंतीवरून भांडण, त्याचीच खुर्ची वाळूतही शेजारी. मला हे ऐकताना गणपतीच्या आदल्या आठवड्यातलं परळ आठवलं. ट्रंका, बोचकी, एसटीच्या टपावर चढवलेला सतरंजीचा वळकटा आणि कोकणात उतरल्यावर समोर पुन्हा आमच्याच चाळीतले खोली नंबर अकराचे काका.

गाडीत जावई जरा गप्प होते. आमचे जावई बीडकडचे. तिकडे केज तालुक्यात विडा नावाचं गाव आहे, तिथे धुळवडीला जावयाला गाढवावर बसवून वाजतगाजत मिरवणूक काढतात. जावई त्या गावचे नव्हेत, पण जवळचे आहेत. आणि आमच्या सहा वर्षांच्या नातीने, सईने, आठवडाभर एकच धोशा लावला होता : ब्लॅकपूलला वाळूत गाढवं असतात, त्यांच्यावर बसायचं, बाबानेही बसायचं. मुलांना पाठीवर घेऊन वाळूत फिरवणारी गाढवं हे विलायती किनाऱ्याचं जुनं भूषण आहे. ‘‘मोठ्यांना बसू देत नाहीत गं, वजनाची मर्यादा असते,’’ असं जावई तिला चौथ्यांदा सांगत होते. सासऱ्याच्या समोर हा विषय फार वेळ चालावा असं त्यांना वाटत नसावं.

स्टेशनातून बाहेर पडलो तेव्हा पाऊस होता. पडत नव्हता, आडवा येत होता. समोर मनोरा उभा. १८८९ मध्ये पॅरिसला आयफेल टॉवर झाला, तो बघून इथल्या महापौरांना, जॉन बिकरस्टाफ यांना वाटलं, आपल्याही गावाला असावा. १८९४ मध्ये मनोरा उघडला, उंची ५१८ फूट. आयफेलच्या निम्माच, पण त्याच्या चार पायांच्या मध्ये सर्कस आहे, आणि खेळाच्या शेवटी तिचं रिंगण खाली जाऊन त्यात पाणी भरतं. पॅरिसवाल्यांना हे सुचलं नाही.

वाळू मात्र अफाट. ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की पाय भिजवायला निघालेला माणूस वाटेत दमतो. त्या पावसात, त्या वाऱ्यात, लोक वाळूत बसले होते. वारा अडवायला कापडाची कनात ठोकायची, तिच्या आडोशाला अंगात रेनकोट घालून बसायचं, थर्मासातला चहा प्यायचा आणि पोरं निळ्या ओठांनी बादली-फावडं घेऊन किल्ला बांधतात तो बघायचा. एक आजोबा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उभे होते. चेहऱ्यावर आनंद नव्हता, निर्धार होता. पैसे भरलेत, सुट्टी घेतलीय, समुद्र आहे; तेव्हा मजा ही होणारच. आमच्या वडिलांच्या तोंडावर हे भाव मी चतुर्थीला पुराच्या पाण्यातून मूर्ती डोक्यावर घेऊन चालताना बघितले आहेत.

पूर्वी या वाळूत भाड्याच्या कापडी आरामखुर्च्यांच्या रांगा असत. २०१४ मध्ये नगरपालिकेने उरलेल्या सहा हजार विकून टाकल्या. साठ-सत्तरच्या दशकांत विमानं स्वस्त झाली आणि स्पेनचं ऊन परवडू लागलं, तेव्हापासून खुर्च्यांची मागणी घटतच गेली. ज्यांना उन्हाची ओढ होती ते गेले. उरले ते ब्लॅकपूलचे खरे भक्त.

खायला फिश अँड चिप्स. मी रत्नागिरीकडचा, माशाचं ताट समोर आलं की आधी डोळा बघतो. या माशाला डोळा नाही, काटा नाही, शेपूट नाही. मैद्याची जाड गोधडी पांघरून तो निजला होता. तरी व्हिनेगर शिंपडून गरमगरम खाल्ला तेव्हा मी नावं ठेवणं थांबवलं. हिने दशमीचा डबा उघडला आणि वरून पांढऱ्या विमानासारखा एक सीगल उतरून हातातली दशमी घेऊन गेला. सगळे ओरडले. दोन मिनिटांनी तोच सीगल परत आला आणि जावयांच्या चिप्सकडे ढुंकूनही न बघता डब्यासमोर उभा राहिला. ‘‘बघा,’’ ही म्हणाली, ‘‘पाखराला एका घासात कळलं.’’ जावयांनी निमूटपणे एक दशमी घेतली.

ब्लॅकपूलला समुद्रात घुसलेले तीन लांबलचक धक्के आहेत, ‘पिअर’ म्हणतात त्यांना. पहिला १८६३ चा. पाय न भिजवता समुद्रावर फिरून यावं ही त्या काळच्या सभ्य लोकांची सोय. आता त्यांवर पाळणे आहेत आणि नाण्यांची यंत्रं आहेत. या यंत्रांपाशी आमचा संसार बराच वेळ थांबला.

काचेच्या पेटीत एक फळी मागे-पुढे सरकत असते. तिच्यावर दोन-दोन पेन्सची ढीगभर नाणी, आणि काठावरची निम्मी नाणी हवेत लोंबकळत. आता पडली, मग पडली. वरून आपण एक नाणं टाकायचं; फळीने ते ढकललं तर काठावरची खाली, म्हणजे आपल्या पदरात. हळदीकुंकवाच्या वाणाचा खर्च पैशापैशाने लिहून ठेवणारी आमची ही त्या पेटीसमोर उभी राहिली. पहिल्याच नाण्याला चार पडली. यंत्र बनवणारा माणूस फार विचारी असला पाहिजे. पुढचा पाऊण तास ती कुणाशी बोलली नाही. ‘‘ते बघा, ते कोपऱ्यातलं. आता कसं राहील ते?’’ ते राहिलं. नाण्यांच्या ढिगावर एक किल्ल्यांची साखळी पडली होती, प्लॅस्टिकच्या गाढवाची. शेवटी ती पडली. हिशेब केला तर गाढव साडेतीन पौंडांना पडलं होतं. ‘‘दुकानात घेतलं असतं तर एक पौंड,’’ मी म्हणालो. ‘‘दुकानात जिंकता येत नाही,’’ ती म्हणाली.

गावातल्या मोठ्या बागेत, प्लेझर बीचवर, ‘बिग वन’ नावाचा उंच रोलर कोस्टर आहे. १९९४ मध्ये उघडला तेव्हा जगात सर्वांत उंच होता. आम्ही तो खालून बघितला आणि पुरे झाला. त्याच बागेत १९०४ पासून फिरणारं एक आकाशपाळण्यासारखं यंत्र आहे, तारांना टांगलेले पाळणे गोल फिरतात. ते केलं हायरम मॅक्झिम यांनी. हो, मॅक्झिम तोफेचेच, म्हणजे मशीनगनचे. त्यांच्या या दोन शोधांपैकी मला हा जास्त पटला.

मनोऱ्याच्या पायथ्याशी नाचाचा दिवाणखाना आहे. त्यात पाऊल टाकलं आणि बाहेरचा पाऊस विसरलो. सोनेरी छत, झुंबरं, आणि ३०,६०२ लाकडी तुकडे जोडून केलेली जमीन : महोगनी, ओक, अक्रोड. १८९९ मध्ये फ्रँक मॅचम या नाट्यगृहं बांधणाऱ्या वास्तुतज्ज्ञाने राजवाडा बांधला, तो राजासाठी नव्हे, सहा दिवस रुईच्या धुळीत खोकणाऱ्या माणसांसाठी. रंगमंचाच्या पोटातून वुर्लिट्झर ऑर्गन वाजवणाऱ्यासकट वर येतो. रेजिनाल्ड डिक्सन या वादकाने १९३० पासून १९७० पर्यंत, मधली युद्धाची वर्षं सोडून, तो इथे वाजवला. आम्ही गेलो तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. सत्तरी ओलांडलेली दहा-बारा जोडपी नाचत होती. एका आजींचा गुडघा दुखत असावा; वळताना त्या आजोबांच्या खांद्यावर जरा जास्त भार देत होत्या आणि आजोबा ते कळू न देता पाऊल आखूड टाकत होते. गाणं संपलं, दोघं टेबलाशी आली, त्यांनी केकचे दोन भाग केले, मोठा आजींना. आमच्या हिने माझ्याकडे बघितलं. मी घाईघाईने ऑर्गनकडे बघितलं.

परतीच्या वाटेवर रॉकचं दुकान. गुलाबी सालीची, पुदिन्याच्या चवीची साखरेची कांडी म्हणजे रॉक. लोणावळ्याहून चिक्की नेली नाही तर शेजारी बोलत नाहीत, तसं ब्लॅकपूलहून रॉक. गंमत अशी की कांडी कुठेही मोडा, आत ‘ब्लॅकपूल’ हे नाव गोल लिहिलेलं असतं. कांडी संपेपर्यंत नाव संपत नाही. ते लिहितात कसं ते मी विचारून घेतलं. उकळलेल्या साखरेच्या रंगीत पट्ट्यांनी वीतभर उंचीचं एकेक अक्षर उभारायचं, मधल्या जागेत पांढरा पाक भरायचा. चौकोनी अक्षरं आधी, गोल आणि तिरकी शेवटी, कारण गरम असताना गोल अक्षर बसकण मारतं. मग साऱ्या अक्षरांची मोट पांढऱ्या गाभ्याभोवती बांधून, वरून गुलाबी साल चढवून गादीच्या गुंडाळीएवढा लोळ करायचा आणि तो लोळवत, ओढत बोटाएवढा बारीक करत न्यायचा. वीतभराचं अक्षर मुगाच्या दाण्याएवढं होतं, पण वाचता येतं. आपल्याकडे कुणी ‘गणपतीपुळे’ करायला घेतलं तर वेलांट्यांशीच हंगाम संपेल.

दुकानातल्या बाई पैसे घेताना मला म्हणाल्या, ‘‘आणखी काही हवंय का, लव्ह?’’ लँकेशायरात कुणालाही असंच म्हणतात, बसच्या कंडक्टरपासून डॉक्टरांपर्यंत. हे जावयांनी हिला स्टेशन येईपर्यंत समजावून सांगितलं.

गाढवांचं राहिलंच. सई दिवसभर वाळूकडे बघत होती. ओहोटी होती, पाऊस थांबला होता, वाळू रिकामी. पण गाढव म्हणून नाही. अडला हरी म्हणतात तशी गत : पाय धरायलाही गाढव मिळेना. शेवटी कनातीच्या आडोशाला बसलेल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना विचारलं. ते म्हणाले, ‘‘आज शुक्रवार. त्यांची सुट्टी.’’

मला वाटलं थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. ब्लॅकपूलच्या गाढवांसाठी नगरपालिकेचे रीतसर नियम आहेत, १९४२ पासून. सकाळी दहाच्या आधी काम नाही, संध्याकाळी सातच्या पुढे नाही, जेवणाची एक तास सुट्टी, आणि शुक्रवार पूर्ण रजा. मी वाळूतच बसलो. मुंबईच्या गिरणी कामगारांना आठवड्याची सुट्टी नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे वर्षानुवर्षं झगडले तेव्हा १० जून १८९० पासून रविवार मिळाला. त्याआधी आमच्या कामगारांचे तास कमी व्हावेत म्हणून कळवळ्याने बोलले होते ते लँकेशायरचे गिरणीवाले. मुंबईचं स्वस्त कापड त्यांना झोपू देत नव्हतं म्हणून. वडील लोखंडेंचं नाव घेताना हात जोडायचे. ब्लॅकपूलच्या गाढवांचा लोखंडे कोण, ते मात्र त्या गृहस्थांनाही सांगता येईना.

सईने जरा विचार केला आणि विचारलं, ‘‘मग आज गाढवं कुठे गेली असतील, आजोबा?’’

‘‘गावाला,’’ मी म्हणालो.

तिला पटलं. आजीने जिंकलेलं साडेतीन पौंडांचं गाढव तिने मुठीत धरलं आणि गाडीत झोपली. जावई खुशीत होते. परतीच्या प्रवासात त्यांनी दोन दशम्या आपणहून मागितल्या.

तुमचं कुणी मँचेस्टरकडे असेल आणि लहान मुलांना घेऊन ब्लॅकपूलला जाणार असाल, तर छत्री घ्या, सुट्टी नाणी घ्या आणि शुक्रवार सोडून कुठलाही वार धरा.