मालक व्हा, पगार मागू नका

देशात मालकांची फार टंचाई आहे, असा समज करून घेऊन सध्या बरीच मंडळी कामाला लागली आहेत. नोकरी ही गुलामी, पहिल्या तारखेचा पगार ही अफूची गोळी आणि चाळिशीच्या आत ज्यानं स्वतःचा धंदा काढला नाही त्याचा जन्म वाया, असं सांगणारी शिबिरं आता तालुक्याच्या मंगल कार्यालयांतही भरू लागली आहेत. (या शिबिरांचा धंदा मात्र तेजीत असतो. कच्चा माल लागत नाही आणि उधारी राहत नाही.) टंचाई खरोखर आहे का, हे सरकारी कागदांत पाहिलं तर वेगळंच चित्र निघतं. केंद्राच्या 2023-24 च्या श्रमबळ पाहणीनुसार काम करणाऱ्या दर 100 भारतीयांपैकी 58 जण स्वयंरोजगारात आहेत. 2017-18 मध्ये ते 52 होते. जर्मनीत हे प्रमाण 10 च्या आत आहे. तिथले बिचारे अजून नोकऱ्याच करतात. या हिशेबानं आपण जगाला उद्योजकता शिकवायला हवी. अडचण एवढीच, की त्या 58 पैकी 19 जण घरच्याच उद्योगातले बिनपगारी मदतनीस आहेत, म्हणजे मालकाची बायको, धाकटा भाऊ, शाळा सुटल्यावर गल्ल्यावर बसणारा मुलगा. 2013-14 च्या सहाव्या आर्थिक गणनेत देशभर 5 कोटी 85 लाख आस्थापना मोजल्या गेल्या आणि त्यांतल्या जवळपास 72 टक्क्यांमध्ये पगारी माणूस एकही नव्हता. मालक तोच, शिपाई तोच, आणि संप करायचा म्हटलं तर घोषणा देणाराही तोच. कमाईचं म्हणाल, तर 2023-24 च्या त्याच पाहणीत नियमित पगारदाराला महिन्याला सरासरी 20-21 हजार मिळत होते आणि स्वयंरोजगारवाल्याला 13-14 हजार. गुलामीचा दर स्वातंत्र्यापेक्षा चढा निघाला, हे शिबिरात सांगत नाहीत.

तेव्हा नोकरी करावी की धंदा, हा वाद घालण्याआधी मालकी म्हणजे नेमकं काय, ते ठरवून घेतलेलं बरं. मालकाकडे दोन गोष्टी असतात. तोटा त्याचा असतो आणि निर्णयही त्याचा असतो. भाव काय लावायचा, माल कुणाकडून घ्यायचा, कोणत्या गिऱ्हाइकाला हात जोडून रस्ता दाखवायचा, हे तो ठरवतो. चुकला तर स्वतःच्या खिशातून भरतो. जोखीम आणि अधिकार यांची ही जोडी म्हणजे मालकी. अलीकडे बाजारानं ती जोडी फोडली आहे. अधिकार वर ठेवून घेतला जातो आणि जोखीम छान वेष्टनात बांधून खाली विकली जाते. वेष्टनावर लिहिलेलं असतं, ‘स्वतःचे मालक स्वतः व्हा.’

याचा सगळ्यात सुवासिक नमुना म्हणजे चहाची फ्रँचायझी. राजस्थानातून आलेल्या कुटुंबांनी पुण्यात अमृततुल्यची परंपरा उभी केली, तेव्हा पितळी भांडं त्यांचं होतं, मसाल्याचं प्रमाण त्यांचं होतं आणि दुकानाला नाव कुठल्या देवाचं द्यायचं हेही तेच ठरवत. आजचा फ्रँचायझीवाला फलकाचा रंग ठरवू शकत नाही. चहा-मसाल्याची पावडर मूळ कंपनीकडूनच घ्यायची, कप त्यांचेच, कपावरची किंमत त्यांची, भिंतीवरचं प्रेरणादायी वाक्यसुद्धा त्यांचंच. त्याच्या वाट्याला येतं ते भाडं, दूध नासणं, आणि समोरच्याच चौकात त्याच कंपनीची दुसरी शाखा निघणं. कागदावर नुसता हिशेब मांडून पाहू. दिवसाला 400 कप जातात असं धरू, कपाला 10 रुपये. महिन्याचा गल्ला 1 लाख 20 हजार. दूध, साखर, पावडर, गॅस यांत त्यातला निम्मा गेला, 60 हजार उरले. गाळ्याचं भाडं 25 हजार, दोन पोरांचा पगार 24 हजार, विजेचं बिल 3 हजार. राहिले 8 हजार. सुरुवातीला घेतलेलं 5 लाखांचं कर्ज 5 वर्षांत फेडायचं तर 11 टक्क्यांनी हप्ता होतो 10 हजार 800 च्या पुढे. म्हणजे दुकानातल्या तिघांत सगळ्यात कमी कमाई मालकाची, आणि ती शून्याच्या खाली. कप विसळणारा पोरगा सात तारखेला 12 हजार मोजून घेतो आणि जमलं नाही तर शेजारच्या दुकानात जातो. मालकाला जाता येत नाही. त्यानं गाळ्याचा पाच वर्षांचा करार केलेला असतो.

ज्यांना चहाची भांडीसुद्धा परवडत नाहीत त्यांच्यासाठी भागीदारी खुली आहे. मोबाइलवरून जेवण मागवल्यावर ते घेऊन येणारा मुलगा हा त्या कंपनीच्या लेखी कामगार नसून ‘पार्टनर’ असतो. दुचाकी त्याची, पेट्रोल त्याचं, पाय मोडला तर प्लास्टरचा खर्चही बराचसा त्याचा. दर किती, कुठली ऑर्डर कुणाला, कुणाचं खातं बंद, हे ठरवणारं यंत्र तेवढं दुसऱ्या पार्टनरकडे आहे. 2020-21 मध्ये असे आणि यांसारखे 77 लाख लोक होते, ते 2029-30 पर्यंत 2 कोटी 35 लाख होतील, असा नीती आयोगाचा 2022 चा अंदाज आहे. इतके भागीदार असलेली आणि नफ्याच्या वाटणीला इतके कमी लोक बसवणारी पेढी जुन्या बाजारपेठेत कुणी चालू दिली नसती.

‘पण डोक्यावर साहेब तरी नसतो ना?’ असं कुणी म्हणेल. साहेब एक होता, तो गेला, हे खरं. त्याच्या जागी महिन्याच्या 11 तारखेला एक आणि 20 तारखेला दुसरं जीएसटीचं विवरणपत्र आलं, अन्न परवाना आला, दुकानापुढची पायरी मोजणारा पालिकेचा माणूस आला, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे मोठी कंपनी हे गिऱ्हाईक आलं. चाकण किंवा भोसरीत सुटे भाग बनवणारा लघुउद्योजक कागदोपत्री मालक असतो, पण त्याचा निम्म्याहून अधिक माल एकाच कंपनीला जात असेल तर तो त्या कंपनीचा बिनपगारी विभागप्रमुख झाला. 2006 चा कायदा सांगतो की लघुउद्योगाचं बिल फार तर 45 दिवसांत चुकतं व्हावं, नाहीतर बँक दराच्या तिप्पट दरानं चक्रवाढ व्याज द्यावं. एवढा जालीम कायदा असून व्याज मागणारा मात्र क्वचित भेटतो, कारण व्याज मागितलं की पुढची ऑर्डर शेजारच्या शेडमध्ये जाते. 2017 मध्ये तक्रारीसाठी ‘समाधान’ नावाचं पोर्टल निघालं. पुढे आयकरातच तरतूद झाली की वेळेत पैसे न देणाऱ्याला त्या वर्षी त्या खर्चाची वजावट मिळणार नाही, तेव्हा ‘एवढ्यात नको, पुढे ढकला’ अशी मागणी कापडबाजारातल्या छोट्यांनीच केली. गिऱ्हाईक बिथरेल ही धास्ती. नोकराचा पगार चार महिने थकला तर तो निदान कामगार आयुक्तांच्या दारात बसू शकतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सगळेच असे घाबरले असते तर किर्लोस्कर झाले असते का? हे नाव निघालं की मराठी सभेत टाळ्या ठरलेल्या, म्हणून टाळ्या ओसरल्यावर गोष्ट नीट पाहायला हवी. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रसंस्थेत शिकवत होते. 1888 मध्ये बेळगावात सायकलींचं दुकान निघालं, तेव्हा लक्ष्मणराव मुंबईहून सायकली पाठवायचे आणि भाऊ रामूअण्णा दुकान सांभाळायचे. नोकरी चालू होती. हक्काची बढती दुसऱ्याला मिळाली, तेव्हा ती त्यांनी सोडली. पुढे लोखंडी नांगर काढला, तर लोखंडानं जमीन बिघडते अशी शेतकऱ्यांची समजूत. पहिले नांगर खपायला वर्षं गेली. बेळगावातून उठावं लागल्यावर औंधचे राजे पाठीशी उभे राहिले आणि निवडुंगाच्या माळावर 1910 मध्ये किर्लोस्करवाडी वसली. जिद्द होतीच, ती वजा करायचं कारण नाही. पण सुरुवातीला पगाराचा टेकू, घरातच विश्वासाचा भाऊ, हातात तंत्राचं शिक्षण आणि अडीनडीला एक संस्थानिक, एवढी सामग्री त्या जिद्दीच्या खाली होती. आजच्या होतकरू मालकाला यांपैकी जिद्द तेवढी पुरवली जाते, तीही दुसऱ्याच्या तोंडून. बिनतारण मुद्रा कर्जाची योजना 2015 पासून आहे, ती उपयोगाची आहे. पण आजवरच्या खात्यांच्या एकूण संख्येनं पाहिलं तर बहुतेक कर्जं 50 हजारांपर्यंतच्या ‘शिशु’ गटातली. एवढ्यात गाडा, शेगडी आणि भांडी होतात. नांगराचा कारखाना होत नाही आणि दोन वर्षं गिऱ्हाईक न येण्याची चैन तर नाहीच नाही.

मग नोकऱ्या आहेत कुठे, हा तिसरा प्रश्न. नाहीतच. 2024 मध्ये राज्यात पोलीस भरती निघाली, जागा 17 हजार 471 आणि अर्ज 17 लाख 76 हजार. त्या मैदानावर पदवीधरांपासून इंजिनिअरांपर्यंत सगळे धावले. ज्यांची निवड झाली नाही त्या साडेसतरा लाखांना ‘धंदा हा नोकरीला पर्याय आहे’ असं सांगणं शिष्टाचाराला धरून असेल, पण पर्याय म्हणायला आधी पहिली वस्तू हातात असावी लागते. वर दिलेले 52 चे 58 झाले, त्यात स्वप्न पाहून आलेले किती आणि दुसरं काही मिळालं नाही म्हणून आलेले किती, याचा वेगळा रकाना पाहणीत असता तर शिबिरांची तिकिटं कमी खपली असती. सरकारला मात्र ही व्यवस्था सोयीची आहे. नोकरी न मिळालेला तरुण आकडेवारीत बेरोजगार म्हणून टोचतो. त्यानंच वडापावची गाडी लावली की तो उद्योजक होतो, आणि उद्योजकाच्या अपयशाला तो स्वतः जबाबदार असतो.

ज्यांचे धंदे खरंच उभे राहतात त्यांच्या घरात डोकावलं तर एक गोष्ट वारंवार आढळते. घरात कुणाचा तरी पगार येत असतो. मराठी नवउद्योजकाचा पहिला गुंतवणूकदार मुंबईच्या कुठल्या काचेच्या इमारतीत बसत नाही. तो जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला गणित शिकवतो आणि त्याच्याशी नवउद्योजकाचं रीतसर लग्न झालेलं असतं. मुलीचे वडील दहा माणसं कामाला ठेवणाऱ्या मुलाला ‘पण करतो काय?’ असं विचारतात, याला मागासलेपण म्हणायची पद्धत आहे. ते त्यांचं जोखमीचं मूल्यांकन आहे, आणि मानांकन संस्थांपेक्षा ते कमी वेळा चुकत असावं. पतसंस्थेतही हेच मूल्यांकन चालतं. धंद्यासाठी कर्ज मागायला गेलं की प्रकल्प अहवाल बाजूला ठेवून दोन जामीनदार मागतात, शक्यतो कायम नोकरीतले, पगाराच्या दाखल्यासह. अर्थात संचालक मंडळात बरेचसे व्यापारीच असतात, त्यामुळे त्यांचा या विषयाचा अभ्यास चांगला आहे.