शेवटच्या पेपरला दुप्पट गुण

फॉर्म्युला वनमध्ये एकच गडी सारखा जिंकू लागला की नियम करणाऱ्यांच्या पोटात दुखू लागतं. २०१३मध्ये रेड बुलच्या सेबास्टियन फेटेलने मोसमातल्या शेवटच्या नऊच्या नऊ शर्यती खिशात घातल्या. त्यावर उतारा काय निघाला? पुढच्या वर्षी अबू धाबीच्या अखेरच्या शर्यतीला दुप्पट गुण! म्हणजे वर्षभर पहिला येणाऱ्या पोराला शेवटच्या पेपरात गाठायचं. फेटेलला २०१४मध्ये एकही शर्यत जिंकता आली नाही हे खरं, पण त्यात दुप्पट गुणांचा काडीचाही हात नव्हता. नवं हायब्रिड इंजिन मर्सिडीजला साधलं, इतरांना नाही. १९पैकी १६ शर्यती त्यांनीच नेल्या. दुप्पट गुणांचं बिऱ्हाड वर्षभरात गुपचूप हललं. मर्सिडीजने मात्र संघांचं विजेतेपद सलग आठ वर्षं सोडलं नाही.

उतारा लागू पडतोही कधीकधी. २००५मध्ये शर्यतीच्या मध्ये टायर बदलायला बंदी आली आणि पाच वर्षं दादागिरी करणारी फेरारी गारठली. त्या वर्षी ती एकदाच जिंकली, इंडियानापोलिसला. त्या दिवशी धावल्या होत्या एकूण सहा गाड्या. त्यातल्या दोन फेरारीच्याच.