पार्टी बघायला येतेय! नवशिक्या भाडेकरूंसाठी मार्गदर्शन

मालकांनी फ्लॅट विकायला काढलाय? अभिनंदन. अकरा महिन्यांचा करार संपेपर्यंत तुमचं घर हे प्रदर्शन आणि तुम्ही त्याचे बिनपगारी रखवालदार. घाबरू नका. खालच्या सूचना पाळल्यात तर डिपॉझिट वाचणार नाही, पण कुठे कुठे गेलं ते तारीखवार सांगता येईल.

१. वेळ विचारू नका. एजंट "पाच मिनिटांत पोचतो" म्हणाला, म्हणजे तो खाली वॉचमनच्या वहीत सही करतोय. केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात घरात शिरण्याआधी चोवीस तास कळवा असं म्हटलंय. पण तो नमुना. राज्यानं उचलला तरच लागू. आपल्याकडे भाड्याचे व्यवहार १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्यावर चालतात आणि एजंट स्कूटरवर.

२. पार्टी ओळखायला शिका. 'ठोके' काका दहाच्या नाण्यानं टाइल वाजवतात. पोकळ वाजली की जोरात ठोकतात, नाही वाजली की आणखी जोरात. 'खरवडे' बाथरूमलगतच्या भिंतीत किल्ली घालतात. ओल सापडत नाही, पोपडा सापडतो. तो तळहातावर घेऊन ते तुमच्याकडे असं बघतात, जणू तुम्हीच रात्री भिंतीला पाणी घालता. वास्तुवाले मात्र सज्जन, काहीच फोडत नाहीत. मोबाइलमधलं होकायंत्र बघतात आणि फ्रिज ईशान्येतून ओढायला लावतात. फरशीवरचे ओरखडे फ्रिजचे, म्हणजे तुमचे.

३. ट्रॉलीला निरोप द्या. दिवाणखाना न बघता परत गेलेली पार्टी असेल, ओट्याखालची ट्रॉली न ओढता गेलेली नाही. आधी वहिनी ओढतात, मग सासूबाई, मग "सॉफ्ट क्लोज आहे का हो?" म्हणत भाऊजी गुडघ्यानं ढकलतात. चिरंजीव तोवर तिच्यात उभे असतात. चॅनेल निखळलं की सगळे एका सुरात "हलकं काम आहे" म्हणतात आणि बाल्कनी बघायला जातात. तुम्ही डबे गोळा करा.

४. फोटो काढा. पार्टी येण्याआधी एक, गेल्यावर एक. दोन्ही मालकांना पाठवा. उत्तरादाखल अंगठा येईल. जपून ठेवा, नुकसानीबद्दल तुम्हाला मिळणारी ही एकमेव भरपाई.

५. वादाची तालीम करा. एजंट म्हणेल, पार्टीनं केलं. पार्टी म्हणेल, आधीच होतं. मालक म्हणतील, "घरात राहतं कोण?" या प्रश्नाला उत्तर नसतं, कारण तुम्हीच राहता. करारात 'नेहमीची झीज वगळून' असे शब्द असतील, तर ट्रॉलीत उभा राहिलेला सात वर्षांचा मुलगा ही नेहमीची झीजच, हे आरशासमोर न हसता म्हणून बघा.

६. भाव पाडायला मदत करा. निखळलेली ट्रॉली आणि पोपडा दाखवून पार्टी मालकांकडून लाखभर कमी करून घेईल. तो लाख मालक तुमच्या डिपॉझिटमध्ये शोधतील. रागावू नका, माणसं वाईट नसतात. टोकन देताना तुमच्याच सोफ्यावर बसून ठरवतील, की ताबा मिळताच किचन पूर्ण फोडून नवीन करायचं. ट्रॉलीसकट.

अशा वेळी चहा विचारावा. कप स्टीलचे काढा.